हौसाबाईंचं माहेर, गाडीच्या खिडकीतून

अन्वय आणि तारा, माझ्या रेल्वेप्रवासांची वर्णनं तुमचा बाबा तुम्हाला अधूनमधून वाचून दाखवतो. त्यांत वाळवंट आहे, दोन दिवस दोन रात्री चालणारी गाडी आहे, डोंगर चढणारी चिमुकली आगगाडी आहे. हा प्रवास मात्र आमच्या चिंचवडपासून कामशेतपर्यंतचाच. तुम्ही इथे आलात की लोणावळ्याला जाताना तेवढा रस्ता मोटारीत झोपून काढता. तरी लिहिते आहे. या मार्गावरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण खिडकीबाहेर नीट पाहिलं ते गेल्या आठवड्यात.

दसरा झाला आणि एका सकाळी फोन वाजला. पलीकडून एक खणखणीत आवाज आला.

"तुमी ती रेल्वेची बाई का?"

मी म्हटलं, "हो, तसं म्हणायला हरकत नाही."

"मी म्हाळुंग्यावरनं हौसाबाई बोलती. आमची सून दर रविवारी तुमचं पेपरातलं वाचून दाखवती. एक इचारायचं व्हतं. गाडीत बसल्यावर भाईरचं रान खरंच मागं पळतं, का तुमी लिवताना वाढवून लिवता?"

"पळतं. आणि थोडं वाढवतेही."

"मग बरोबर हाय," त्या म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. मग कामाचं बोलल्या.

त्यांचं माहेर मावळातलं. कान्हे आणि कामशेत या स्टेशनांच्या मध्ये त्यांच्या वडिलांचं भाताचं रान, अगदी रुळाला लागून. लहानपणी त्या आणि त्यांचे थोरले भाऊ गेनूदादा बांधावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात हलवायचे. मग लग्न होऊन त्या महाळुंग्याला आल्या. चाकणच्या त्या सगळ्या भागात रेल्वे तेव्हा नव्हती, आजही नाही. माहेरी जायचं ते आधी बैलगाडीने, मग एसटीने आणि आता मुलाच्या मोटारीने. आयुष्यभर गाडी पाहिली, पण गाडीत बसायचा योग आला नाही.

"मला एकदा गाडीत बसून मपलं रान बघायचंय," त्या म्हणाल्या. "आन दादा बांधावर उभा पायजेल. औंदा त्याचं गुडघं पार गेलंय. पुढल्या साली त्यो बांधापातूर येतोय का न्हाई, कुनाला ठावं? तवा आत्ताच. येताय का माझ्यासंगं?"

असं आमंत्रण मला आजवर कोणी दिलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

महाळुंगे

पण हौसाबाईंच्या मुलाला हे पसंत नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी मी बसने महाळुंग्याला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांची फाटकं आणि कंटेनरच्या रांगा, आणि मधेच एकदम जुनं गाव. हौसाबाईंच्या अंगणात कांदा पसरलेला होता आणि कांद्याला वळसा घालून मोटारी उभ्या होत्या. मुलाचं नाव बाळासाहेब. कंपन्यांना कामगारांच्या ने-आणीसाठी बसगाड्या पुरवण्याचा त्याचा धंदा आहे. पांढराशुभ्र शर्ट, बोलणं अदबीचं.

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला, "पण गाव काय म्हणंल? दारात एवढ्या गाड्या आन म्हातारीला लोकलनं धाडली! पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई."

"पाहुण्यांना सांग, आईनं हट्ट केला," हौसाबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या.

"तुझा हट्ट म्हणजे माझीच बदनामी."

"बरं. मग मी रुळारुळानं चालत जाती. त्येनं तुझं लई नाव व्हईल."

बाळासाहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी कांद्याकडे पाहिलं. शेवटी त्याने कबूल केलं, पण आईला जागेवर बसवून द्यायला तो स्वतः स्टेशनवर येणार, या अटीवर. मग भावाला फोन झाला. गेनूदादा तिकडून उत्साहाने म्हणाले, "मी लाल टॉवेल हलवतो, म्हणजे लांबनं दिसंल." मी जवळजवळ ओरडलेच, "लाल नको! गाडी थांबवाल!" शेवटी पांढऱ्या उपरण्यावर ठरलं.

लाल रंगाबद्दलची ही दक्षता माझ्या अंगात लहानपणापासून आहे. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, छोट्या छोट्या स्टेशनांवर तिकिटं देत. स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर सगळ्यात खाली इंग्रजी नाव असे, तेवढंच माझ्या उंचीला वाचता येई. त्यामुळे इंग्रजी अक्षरं मी शाळेआधी तिथे शिकले. पुढे मिशनच्या शाळेत गेले आणि कॉलेजात इंग्रजी शिकवलं. पण डब्यात ऐकलेली बोलणी मराठीत होती, म्हणून लिहिलं मराठीत.

एकटीने प्रवास करायला मी कशी लागले, हेही तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. तुमचे आजोबा पिंपरीच्या एका कंपनीत होते. इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि माझ्या कॉलेजची रविवारी. एका घरात राहून आमची सुट्टी कधी एका दिवशी आली नाही. पहिली काही वर्षं मी रविवारी घरात बसून चिडचिड केली. मग एके दिवशी ते म्हणाले, "अगं, स्टेशन समोर आहे. कुठेतरी जाऊन ये आणि गुरुवारी मला सांग." मी गेले आणि गुरुवारी सांगितलं. सांगता सांगता लिहायला लागले. माझी पुस्तकं झाली ती अशी.

चिंचवड स्टेशन

मी नेहमीप्रमाणे फार लवकर पोचले. हौसाबाई आल्या त्या जांभळं नऊवारी लुगडं नेसून, नाकात नथ घालून. हातात फुगलेली बॅग होती. तिच्यात भावासाठी धोतरजोडी, मासवड्यांचा मोठा स्टीलचा डबा आणि त्यांचा बटणांचा मोबाइल. मासवडी म्हणजे काय ते बाबाला विचारा. नावात मासा असला तरी ती बेसनाची असते, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली, आणि तिच्यासाठी तुमचे आजोबा चाकणपर्यंत सायकल मारत.

लोकल आली. दुपारची वेळ जवळ आलेली, गर्दी अजिबात नव्हती. आणि इथेच बाळासाहेबाने असं काही केलं, जे फक्त एसटीवर वाढलेला माणूसच करील. एसटी लागली की घरातल्या धडधाकट माणसाने आत घुसायचं, पिशवी टाकून जागा धरायची, मग खाली उतरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना सावकाश हाताला धरून चढवायचं. तोवर कंडक्टर थांबतो. बाळासाहेब तसाच आईच्या हातातली बॅग घेऊन बायकांच्या डब्यात चढला, खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावर ती ठेवली आणि खाली उतरला. आईला म्हणाला, "चल, आता दमानं."

हौसाबाई डब्यापुढे वाकल्या, पायरीला हात लावून नमस्कार केला आणि पदर सावरला. तेवढ्यात गाडी सुटली.

"ए! ए, थांब की!" बाळासाहेब डब्यावर थाप मारत धावला. डबा काही थांबला नाही. बॅग ऐटीत खिडकीशी बसून निघून गेली आणि आम्ही तिघं फलाटावर राहिलो.

"जागा तर धरली व्हती," तो हताश होऊन म्हणाला.

"धरलेल्या जागंवर बॅग बसली," हौसाबाई म्हणाल्या. "मी बसाया पायजेल व्हते."

त्यांच्याच मोबाइलवर फोन लावायचं मला सुचलं. बराच वेळ वाजला आणि मग एका तरुण बाईने उचलला. तिचं नाव सविता. कामशेतला एका दवाखान्यात नर्स होती आणि ड्युटीवर चालली होती. "बॅग आहे माझ्याजवळ, काळजी करू नका. मी कामशेतला उतरते. कुणीतरी घ्यायला या," ती म्हणाली.

हौसाबाईंनी फोन ओढून घेतला. त्यांच्या डोक्यात बॅग नव्हतीच. "पोरी, ऐक. कान्हे गेलं की डाव्या अंगाला रानात एक म्हातारा उभा आसंल, पांढरं उपरनं घेऊन. त्याला सांग, हौसा पुढच्या गाडीनं येतीय, जाऊ नको."

"अहो मावशी, चालत्या गाडीतून कसं सांगू?"

"हातानं सांग!"

पुढच्या गाडीने येते आहे हे हाताने कसं सांगायचं, ते सविताला कळेना, मलाही कळेना. गेनूदादांच्या घरी फोन केला तर त्यांची सून म्हणाली, मामंजी कधीचे रानात जाऊन उभे आहेत, मोबाइल इथे फळीवर आहे, चुलीवरचं सोडून मला निघता येत नाही आणि निरोप न्यायला घरात दुसरं कोणी नाही.

पुढच्या लोकलला बराच अवकाश होता. बाळासाहेबाने किल्ली काढली. "आई, बस गाडीत. जुन्या हायवेनं जाऊ, बॅगबी घेऊ, मामालाबी भेटू. झालं की."

तो म्हणत होता ते शहाणपणाचंच होतं. हौसाबाई बाकावर बसल्या आणि नथ सरळ करत समोर पाहत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. खरं सांगायचं तर मला वाटलं, आता उठतील आणि मोटारीत बसतील.

इतक्यात पलीकडच्या रुळावरून एक मालगाडी हळूहळू जायला लागली. तिचे डबे जाळीचे होते आणि आत कोऱ्या मोटारी होत्या, एकीमागे एक, वर-खाली दोन मजल्यांवर. चाकणकडे तयार झालेल्या मोटारी अशा रेल्वेने दूरदूर जातात. हौसाबाईंनी हे कधी पाहिलं नव्हतं. त्या उठून फलाटाच्या कडेकडे गेल्या.

"ह्या आपल्याकडच्या गाड्या का रं, बाळू?"

"व्हय. आपल्याकडच्याच."

"आन ह्या रेल्वेनं चालल्यात?"

"व्हय की."

"मग? गाड्यासुदिक रेल्वेत बसत्यात. त्यांची न्हाई का बदनामी व्हत?"

बाकावरच्या दोन कॉलेजच्या मुली खुदकन हसल्या. बाळासाहेबालाही हसू आवरेना. "जिंकलीस तू," असं म्हणून किल्ली फिरवत तो एकटाच बॅगेच्या पाठलागावर निघाला. जाताना मला बजावून गेला, "मॅडम, ह्या टायमाला आधी माणूस चढवा."

लोकलमध्ये

या वेळी आधी माणूस चढला. हौसाबाईंनी चपला काढून खाली नीट जोडून ठेवल्या, बाकावर मांडी घातली आणि खिडकीची दांडी दोन्ही हातांनी धरली. गाडी हलली तशी त्यांनी "आगं आई गं" म्हणून माझा गुडघा दाबला. आकुर्डीची घरं मागे गेली, देहूरोडची झाडं आली आणि त्या ओरडल्या, "पळतंय की वं! बाई, तुमी कमीच लिवलंय!"

अन्वय, तुला आठवतं का, मी नेदरलँड्सला तुमच्याकडे उट्रेख्तला आले होते तेव्हा आपण चुकून शांततेच्या डब्यात बसलो होतो? मी तोंड उघडताच एका सभ्य गृहस्थाने पाटीकडे बोट दाखवलं होतं. तशी पाटी आमच्या डब्यात असती तर ती लाजून खाली पडली असती. मी प्रवासात कोणाला "कुठे निघालात" असं विचारत नाही. "घरून काय आणलंय" असं विचारते. या एका प्रश्नावर माझी निम्मी पुस्तकं उभी आहेत. माणूस डबा उघडतो आणि डब्याबरोबर घरही उघडतं. आज मात्र पंचाईत अशी की आमचाच डबा पुढे गेला होता. समोरच्या बाईंना मी विचारलं, तर त्यांनी कोथिंबीरवड्या काढल्या आणि मलाच उलट विचारलं, "आणि तुम्ही?"

"आमची मासवडी मागच्या गाडीनं गेली," हौसाबाई रुबाबात म्हणाल्या, जणू तिला स्वतंत्र तिकीट काढून पाठवली होती. मग सगळी कथा त्यांनीच सांगितली. तळेगाव येईपर्यंत आमच्या डब्यातल्या सगळ्या बायकांना गेनूदादा ठाऊक झाले होते आणि सगळ्याजणी डावीकडच्या खिडक्यांकडे सरकल्या होत्या.

वडगाव गेलं आणि माझा फोन वाजला. गेनूदादांची सून होती. "आज्जी, मामंजी घरी आले. लई खूश हायेत. हौसाआत्या गाडीत दिसली म्हनले, हात हलवला म्हनले. आता हातपाय धुत्यात. तुमची गाडी चुकली, ते मी अजून सांगितलं न्हाई."

मी हौसाबाईंना सांगितलं. सविताने केलेला हात पाहून म्हाताऱ्याला वाटलं, बहीणच गेली. म्हणजे बांधावर आता कोणी नव्हतं.

कोथिंबीरवडीवाल्या बाई म्हणाल्या, "फोन करा की, परत पाठवा त्यांना. वेळ आहे अजून."

"गुडघं धरून पुन्यांदा बांधावर?" हौसाबाई म्हणाल्या. "नगं. खूश हाय ना त्यो? मग त्याला काय सांगू नका. मीच व्हते म्हनून राहू द्या." त्यांनी पदराने खिडकीची दांडी पुसली. ती काही मळलेली नव्हती.

कान्हे गेलं. भात पिवळं पडायला लागलं होतं, त्यावर ऊन होतं. "हां, आता," त्या म्हणाल्या, "ती हीर... ते आंब्याचं झाड... ह्ये!"

आणि गेलं. रान आलं आणि गेलं. मला एक विहीर, एक बांध आणि बांधावर बसलेला एक बगळा दिसला. हौसाबाईंनी हात वर केला होता तो तसाच राहिला.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "आमी केवढा येळ हात हलवायचो! आन आतल्या मानसाला एवढंच दिसायचं?" थोड्या वेळाने त्यांनी हात खाली घेतला. "तरी बाई, एवढ्यात बी ती मानसं हात हलवायचीच. कवा कोन चुकलं न्हाई."

कामशेत

स्टेशनबाहेर बाळासाहेब बॅग घेऊन उभा होता. सविता कामावर गेली होती. तिला त्याने आग्रहाने निम्म्या मासवड्या दिल्या होत्या, आणि उरलेल्यांतली एक स्वतः खाल्ल्याचं त्याच्या मिशीवरून कळत होतं.

गेनूदादांच्या घरी पडवीत पंगत बसली. वाफाळणारा इंद्रायणी भात, मासवडीचा झणझणीत रस्सा. गेनूदादा उंच, वाळकेसे, कानात भिकबाळी. बहिणीला पाहताच ते मोठ्याने म्हणाले, "दिसलीस बरं का गाडीत! चांगला हात हलवलास!"

"व्हय, हलवला की," हौसाबाई ताटाकडे बघत म्हणाल्या.

सून वाढता वाढता थांबली. बाळासाहेब उगाच रस्सा ढवळायला लागला. दोन घास झाले, तिसरा हौसाबाईंच्या हातातच राहिला.

"दादा, ती मी नव्हते," त्या म्हणाल्या. "माजी गाडी चुकली. ती दुसरीच पोरगी व्हती."

गेनूदादांनी शांतपणे भाताचं आळं केलं आणि त्यात रस्सा ओतला. "मला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय?"

"तुझा हात मी वळखत न्हाई व्हय? तिचा हात केवढा लांब! आन ती अशी करत व्हती," म्हणून त्यांनी हात असा काही गोल गोल फिरवला की आम्ही सगळे हसत सुटलो. 'पुढच्या गाडीने' हे सविताने असं सांगितलं होतं तर. "मला वाटलं, बाळूनं तुला मोटारीतनंच आणली. आता घरी येऊन सांगितलं आसतं की हौसा गाडीत नव्हती, तर गावातल्या पोरी तुला हसल्या आसत्या, आत्याचं रेल्वेचं नुसतं बोलनं म्हनून. म्हनलं, दिसली म्हनून सांगावं."

"आन मी आले की गाडीनं! रान बघितलं!"

"बघितलंस?" गेनूदादांचा घास थांबला. "आतनं कसं दिसतं गं आपलं रान?"

तेव्हा मला कळलं, की रुळाच्या कडेला सगळा जन्म काढलेला हा माणूसही गाडीत कधी बसला नव्हता. त्यांना विचारलं तर म्हणाले, "कुटं जायचं व्हतं? गाडीच रोज येत व्हती आपल्याकडं." हौसाबाई सांगू लागल्या. विहीर कशी एकदम समोर येते, आंबा किती बुटका वाटतो, बगळा कसा आपल्याकडे बघतो. त्या बगळ्याची मान वळवूनही दाखवत होत्या. मी इतकी वर्षं हे काम करते आहे, पण कोणी इतकं कान देऊन माझं ऐकल्याचं मला आठवत नाही. भात थंड झाला आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

मग त्या एकदम म्हणाल्या, "दादा, चल माझ्यासंगं. चार दिस म्हाळुंग्याला ऱ्हा. गाडीनं जाऊ."

"गुडघं?"

"चढवतील की. मानूस आधी चढवायचा असतो, ह्ये आता आमाला कळलंय."

संध्याकाळच्या लोकलमध्ये आम्ही तिघं बसलो. एका एक्स्प्रेसला वाट द्यायला ती कामशेतलाच थांबवून ठेवली होती. गेनूदादांना बाळासाहेबाने जवळजवळ उचलूनच डब्यात ठेवलं आणि तो खाली उतरला. मोटार होतीच, तो आमच्याआधी चिंचवडला पोचला असता. पण म्हणाला, "तुमी व्हा म्होरं. मी जरा रानात जाऊन उभा राहतो. मामानं रोज हात हलवला, आज मामाला कुनीतरी हलवाया पायजेल." आणि पांढराशुभ्र शर्ट तसाच अंगावर ठेवून तो मोटार काढून रानाकडे गेला.

बऱ्याच वेळाने एक्स्प्रेस गेली आणि आमची गाडी सुटली. भाऊ-बहीण एकाच खिडकीशी डोकं लावून बसले. रान आलं तशी हौसाबाईंनी बोट दाखवलं, "ही हीर बघ, हीर!" गेनूदादा म्हणाले, "आगं, तिची एक बाजू खचलीया! वरनं कवा दिसली न्हाई." "कुटं?" "ती काय!" आणि दोघं विहिरीकडे बघत राहिले. मीही विहिरीकडेच बघत होते. रान संपलं, तेव्हा आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बांधाकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

लगेच हौसाबाईंचा मोबाइल वाजला. बाळासाहेबाला धाप लागली होती, आवाज मला शेजारी ऐकू येत होता. "आई, दिसलो का मी?"

हौसाबाईंनी भावाकडे पाहिलं. भावाने माझ्याकडे पाहिलं.

"दिसलास तर!" त्या म्हणाल्या. "दोन्ही हातांनी हलवत व्हतास."

"व्हय! दोन्ही हातांनी!" पलीकडून बाळासाहेब आनंदाने ओरडला.